इंजिनातला संशयित

मेहुण्याने त्या दिवशी मोटारसायकलच्या टाकीवरून जरा जास्तच प्रेमाने हात फिरवला, आणि निरीक्षकांनी ठरवलं की हत्यारांच्या पेटीला एक सील मारून टाकायचं. एवढंच. बोराच्या बीएवढं एक सील. त्याच्यापायी पुढे घरात जे काही झालं ते ऐकलंत तर तुम्ही म्हणाल, काहीतरी तिखटमीठ लावून सांगताय. लावलंय थोडं, नाही म्हणत नाही. पण मूळ पदार्थ निरीक्षकांचाच.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले. दुकानांतले तराजू, तेलाची मापं, पेट्रोल पंपाची मीटरं तपासायची, ठीक निघाली तर त्यांच्यातून बारीक तार ओवायची, तारेच्या टोकांवर शिशाचा मणी बसवायचा आणि पकडीने दाबून त्यावर ठसा उमटवायचा. झालं सील. मग ती तार तोडल्याशिवाय आत बोट घालायची कुणाची टाप नाही. सगळी नोकरी याच कामात गेल्याने संशय त्यांच्या हाडीमाशी भिनला होता. घरात साखर आली की ते आधी साखर तोलायचे, मग तराजू तपासायचे, मग वजनांकडे डोळे बारीक करून बघायचे. मनगटावरच्या घड्याळावर भरवसा नाही म्हणून खिशात दुसरं घड्याळ असायचं, आणि दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवायला लागली की त्यांना आणखीच संशय यायचा.

बायको पोस्टात होती. दिवसभर लोकांची बंद पाकिटं हाताळायची आणि आत काय असेल हा विचारसुद्धा मनात आणायची नाही. अशा दोन माणसांचा संसार इतकी वर्षं कसा चालला हे कोडंच आहे, पण चालला होता, आणि बरा चालला होता.

मोटारसायकल सासऱ्यांची. सासरे पंपघरात फिटर होते. ही गाडी त्यांनी मुलगी जन्मायच्याही आधी घेतली होती. काळी टाकी, त्यावर सोनेरी रेघ, एकच जाडजूड सिलिंडर आणि भारदस्त ठक-ठक आवाज. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा गाडी मुलाकडे जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मुलगा म्हणजे आपला हा मेहुणा. गडी दिलदार, गप्पिष्ट, पण त्याच्या हातात आलेली गाडी वर्षभरात भंगारात जायची. सासऱ्यांनी किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर निरीक्षकांच्या हातावर ठेवली. म्हणाले, "तुमच्याकडे नीट राहील, जावईबापू."

हे वाक्य निरीक्षकांनी काळजात जपून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारं माणूस विरळा. दुकानदार त्यांना बघून तोंडं फिरवायचे, साहेब त्यांच्या अहवालांना कंटाळलेले, आणि घरात कौतुक करायची वेळ यायच्या आतच ते साखर तोलायला बसायचे. तेव्हा सकाळी दाढी करताना ते आरशात बघून मनाशी म्हणायचे, नीट राहील, जावईबापू. आणि दिवस बरा जायचा.

आता सासऱ्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, पण मागे बसायला हरकत नाही म्हणाले. तेव्हा म्हाताऱ्याने निरोप धाडला की महिनाअखेरीच्या रविवारी येतो, मला मागे बसवून तलावापर्यंत न्या. गाडी दिली तशीच असली तर तुमच्या नावावर करून टाकू. नाहीतर पोरगा मागे लागलेलाच आहे.

आणि नेमका तो पोरगा याच सुमाराला घरी येऊन टाकीवरून हात फिरवून गेला. आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय? गाडीच्याच बाजूला बसवलेल्या त्या पेटीत गाडीबरोबर आलेले जुने पाने होते, आणि तसे पाने आता मिळत नाहीत. निरीक्षकांनी पेटीच्या कडीतून तार ओवली, मणी दाबला. (सरकारी शिसं घरी वापरणं नियमात बसत नाही म्हणून त्यांनी ते बाजारातून विकत आणलं होतं, आणि सरकारी ठसाही चालणार नाही म्हणून कोटाच्या बटणाचा ठसा मारला होता. माणूस संशयी होता, पण लबाड नव्हता.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना, चौक ओलांडून गाडीने जरा वेग घेतला आणि त्यांना आवाज ऐकू आला. टिक. मग पुन्हा, टिक.

इतकी वर्षं ही गाडी ठक-ठक करत आली, टिक हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. गाडी बाजूला घेऊन त्यांनी खालीवर पाहिलं. पेटीचं सील शाबूत होतं. म्हणजे पाने सुखरूप. मग मेहुण्याने दुसरं काहीतरी ढिलं केलं असणार. टाकीवरून हात फिरवणं हा देखावा होता, लक्ष खाली कुठेतरी होतं.

संध्याकाळी त्यांनी पेट्रोलच्या झाकणाला सील मारलं. कार्ब्युरेटरला मारलं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या झाकणालाही मारलं. आता कोणी हात लावला तर कळेलच, असं म्हणून ते निवांत जेवले. सकाळी गाडी टिक-टिक, टक-टिक करत ऑफिसला पोचली.

रोग वाढत होता. निरीक्षकांनी तपास पद्धतशीर हाती घेतला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतला आवाज डॉक्टरच्या नळीसारखा ऐकू येतो, हे त्यांनी सासऱ्यांना करताना पाहिलं होतं. ते अंगणात उकिडवे बसले. जिथे ऐकायचं तिथलं लोंबणारं सील मध्ये येऊ नये म्हणून डाव्या हाताने अलगद बाजूला धरायचे, उजव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर टेकवायचे. कार्ब्युरेटरपाशी ऐकलं, तिथला आवाज बंद, मॅग्नेटोपाशी चालू. मॅग्नेटोपाशी आले, तिथला बंद, कार्ब्युरेटरपाशी पुन्हा चालू. आपण पोचलो की आवाज तिथून पळतो, हे लक्षात आल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. भेसळवाले दुकानदार अगदी असंच करतात.

मग त्यांनी बायकोला मागे बसवून गल्लीला फेरी मारली. आवाज कुठून येतो ते नीट ऐकून सांग, अशी ताकीद दिली. ती बिचारी मन लावून ऐकत होती. उतरल्यावर म्हणाली की मला तर सगळीकडूनच येतोय. साक्षीदार म्हणून तिचा काही उपयोग नाही असं निरीक्षकांनी मनात नोंदवलं.

शेवटी मेकॅनिक. हा मेकॅनिक फार बोलायचा, आणि निरीक्षकांच्या अनुभवाप्रमाणे फार बोलणारा माणूस तोलताना हात मारतो. जुन्या गाडीचा अस्सल भाग काढून नकली बसवायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर थांबून त्यांनी इंजिनाच्या आणखी चार जागी सीलं मारली. आणि मग सगळीच्या सगळी सीलं इंजिनाच्या खाचांत, नळ्यांच्या मागे घट्ट खुपसून दडवली. दिसणारं सील चोराला सावध करतं, दडलेलं सील चोराला पकडतं, हा त्यांचा खात्यातला मोठा शोध होता.

गॅरेजात गाडी सुरू केली तर ठक-ठक, ठक-ठक. शुद्ध, निर्मळ. टिक नावाला नाही. मेकॅनिक चक्कर मारून आला, म्हणाला लोण्यासारखी चालतेय. निरीक्षकांना घाम फुटला. ते म्हणाले की आवाज आहे, नक्की आहे, नीट ऐका. गिऱ्हाईक एवढं म्हणतंय म्हटल्यावर मेकॅनिकने डोळे मिटले, मान हलवली आणि निदान केलं की आत बेअरिंग गेलंय, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. (गेलंबिलं काही नव्हतं. पण त्या गॅरेजात आजवर कुणाचं बेअरिंग शाबूत निघालेलं नाही.) इंजिन खोलतो म्हटल्यावर निरीक्षकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला आतलं अस्सल बेअरिंग हवंय. ते गाडी घेऊन तडक निघाले.

वळणावर येऊन त्यांनी एकेक सील खाचेतून बाहेर ओढून तपासलं. सगळी शाबूत. किक मारली, निघाले, आणि वेग घेताच सुरू झालं. टिक-टक-टिकटिक-टक. म्हणजे मेकॅनिकने सील न तोडता हात मारला होता. असा कसबी चोर त्यांनी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. घरी येऊन त्यांनी सायलेन्सरला, चेनच्या झाकणाला, दिव्याला आणि दोन्ही चाकांना सीलं मारली. दुसऱ्या दिवशी गाडी गल्लीत शिरली तेव्हा कुणाच्या तरी फडताळातली भांडी कोसळली असं वाटून शेजारीण बाहेर आली.

रविवार जवळ येत होता आणि निरीक्षकांची झोप उडाली होती. म्हातारा मागे बसणार. त्याचे कान पंपघरातले, नट सैल झाला तर भिंतीपलीकडून ओळखणारे. तो उतरणार, काही बोलणार नाही, किल्ली घेऊन मुलाच्या हातावर ठेवणार. आणि नीट राहील, जावईबापू, हे वाक्य कायमचं संपणार. दाढी करताना आरशात बघायची त्यांना भीती वाटायला लागली.

अशा मनःस्थितीत माणसाने गप्प बसावं. पण शनिवारी ते ऑफिसातून आले आणि त्यांना गाडीचा आरसा किंचित वळलेला दिसला. बायको स्वयंपाकघरात होती. त्यांनी दुकानदाराला विचारतात तशा आवाजात विचारलं, "दुपारी तू गाडीजवळ गेली होतीस?"

"गेले होते."

"कशाला?"

"तुमचा शर्ट वाळत घातला होता हँडलवर. दोरी भरली होती."

"शर्टच का?"

बायकोने हातातला झारा खाली ठेवला. तिला राग क्वचित यायचा, पण आला की ती आवाज आणखी खाली आणायची. म्हणाली, "माझ्या भावाला चोर ठरवून झालं. मेकॅनिकला ठरवून झालं. आता मला एक सील मारा. म्हणजे मी कुठे आत-बाहेर केलं तर कळेल तुम्हाला."

आणि ती दुसऱ्या खोलीत गेली. आपण भलतंच बोलून गेलो हे निरीक्षकांना कळलं आणि मनापासून वाईट वाटलं. तिला जाऊन सॉरी म्हणावं असं त्यांनी ठरवलंही. (तिकडे जाता जाता त्यांनी आरशाला एक सील मारलं, हे मात्र खरं आहे. सवय म्हणा.)

रविवारी सासरे आले. काठी टेकत, नवीन कोट घालून, लग्नाला निघाल्यासारखे खुशीत. मेहुणा त्यांना आपल्या स्कूटरवरून घेऊन आला होता. म्हाताऱ्याला सीलं दिसली तर विश्वास नाही असं वाटेल, म्हणून निरीक्षकांनी पहाटेच उठून सगळीच्या सगळी खाचांत दडवली होती. किक मारली. ठक-ठक, ठक-ठक. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तो गाडीकडे बघत नुसता मान डोलवत राहिला. निरीक्षकांना वाटलं, देव आहे. ते बूट घालायला आत गेले.

बाहेर आले तर मेहुणा गाडीपाशी उभा, आणि त्याचा हात हँडलवर.

झालं. त्याने म्हाताऱ्याला चढायला आधार म्हणून नुसती गाडी धरली होती, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. पण निरीक्षकांच्या मनात किडा वळवळायला लागला तो लागलाच. ते निघाले, मागून मेहुण्याच्या स्कूटरवर बायको येत होती. गाडी सुरेख चालली होती. म्हातारा मागून खांद्यावर थाप मारून म्हणत होता की वा, अगदी तशीच आहे हो. दुसरा कुणी असता तर तसाच तलाव गाठला असता आणि गाडी नावावर करून घेतली असती. निरीक्षकांना मात्र राहवेना. एवढ्या वेळात त्याने काय काय केलं असेल? अर्ध्या वाटेवर, तलाव दिसायला लागतो त्या चढावर, त्यांनी गाडी थांबवली. टायरची हवा बघतो म्हणाले. म्हातारा मागेच बसून पाण्याकडे बघत राहिला, आणि निरीक्षकांनी खाली वाकून एकेक सील बाहेर ओढून तपासलं. सगळी शाबूत. त्यांचा जीव भांड्यात पडला.

ते बसले आणि गाडी निघाली. आणि उतारावर वेग आला तसा जो काही गोंधळ सुरू झाला, त्यापुढे आधीचे आवाज म्हणजे कुजबुज होती. पेटी टिक-टिक करत होती, कार्ब्युरेटर टक-टक, सायलेन्सर टण-टण, दोन्ही चाकं खडखडत होती, आणि आरशाने तर सरळ टाळ्या पिटायला सुरुवात केली. रस्त्याकडेची दोन कुत्री उठून पळाली. निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं.

खांद्यावर थाप पडली. "थांबवा."

त्यांनी गाडी थांबवली. म्हातारा काठी टेकत उतरला, वाकला आणि इंजिनावरून हात फिरवायला लागला. हात एका मण्यापाशी थांबला. त्याने तो हलवला. टिक. दुसरा हलवला. टक. मग तो सावकाश गाडीभोवती फिरला, हलवत, ऐकत, पुढे जात. तोवर मागची स्कूटरही येऊन थांबली होती आणि बायको, मेहुणा दोघं बघत उभे राहिले.

"हे काय आहे, जावईबापू?"

"सीलं आहेत."

"कशासाठी?"

"गाडीला कोणी हात लावू नये म्हणून. आवाज यायला लागला होता ना, तर म्हटलं..." निरीक्षक थांबले. आवाज आधी की सील आधी, हा हिशोब त्यांच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदाच उलटा फिरायला लागला होता, आणि तो कुठे जाऊन थांबणार ते त्यांना दिसत होतं.

"पक्कड द्या," म्हातारा म्हणाला.

"पेटीत आहे."

"मग पेटी उघडा."

"पेटीला सील आहे."

मेहुण्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. म्हाताऱ्याने एक सुस्कारा सोडला, पेटीच्या कडीतली तार बोटाला गुंडाळून झटका दिला, आत हात घालून पक्कड काढली आणि एकेक सील तोडायला सुरुवात केली. निरीक्षक ओंजळ धरून उभे राहिले. ओंजळ भरली तेव्हा म्हाताऱ्याने खूण केली. निरीक्षकांनी गाडी सुरू केली, चढापर्यंत नेली आणि परत आणली. ठक-ठक, ठक-ठक. अगदी पहिल्यासारखी.

निरीक्षकांना वाटलं, आता किल्ली मागणार. मागायच्या आधी आपणच द्यावी. त्यांनी किल्ली काढून पुढे केली. म्हणाले, "माझ्याकडून गाडी नीट राहिली नाही. तुम्ही एवढ्या विश्वासाने दिली होती मला. तुम्ही ती परत घ्या."

म्हाताऱ्याने किल्ली घेतली आणि त्यांच्याकडे आश्चर्याने बघितलं.

"विश्वासाने कुठे? पोराला दिली असती तर त्याने चालवून चालवून मोडली असती. तुम्हाला दिली, कारण मला वाटलं तुम्ही संशयापोटी कुणाला हात लावू देणार नाही, आणि भीतीपोटी स्वतःही चालवणार नाही. एका जागी कापड झाकून उभी राहील. तुम्ही ती रस्त्यावर आणाल असं कुणाला वाटलं होतं?"

मग त्याने किल्ली मुलीच्या हातावर ठेवली. ती लहानपणी टाकीवर पुढ्यात बसून गियर टाकायला शिकली होती म्हणे. हे नवऱ्याला आजवर माहीत नव्हतं, कारण त्याने इतक्या चौकशा केल्या तरी ही कधी केली नव्हती. बायकोने एका किकमध्ये गाडी सुरू केली, बापाला मागे घेतलं, आणि तलावाच्या रस्त्याला लागली.

निरीक्षक मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसले. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, नीट धरून बसा." सगळ्या वाटेत निरीक्षक म्हाताऱ्याचं बोलणं आतल्या आत तपासत होते. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, कुठे खोट सापडते का ते पाहिलं. पण नोकरीतल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना समोरचा माणूस शंभर टक्के खरं बोलतोय याबद्दल कणभरही संशय उरला नाही.